पिकअपच्या क्लचचा खालचा सिलिंडर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सासवड रस्त्यावर आमचं छोटं गॅरेज आहे. पुरंदरचा वाटाणा, अंजीर, पालेभाजी घेऊन दिवे घाट उतरणारे पिकअप इथूनच पुण्यात मार्केट यार्डाकडे जातात. क्लच गेल्याचे फोन येतात तेव्हा गाडी रस्त्यात उभी असते, मागे माल असतो आणि त्या घाईत नीट समजावून सांगता येत नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा: गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी खालच्या सिलिंडरचा रबरी बूट उचलून आत बघा.

खालचा सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर, रिलीज सिलिंडर हे वेगवेगळे पार्ट आहेत का?

एकच पार्ट आहे. दुकानात 'स्लेव्ह' म्हणतात, कंपनीच्या पुस्तकात बऱ्याचदा 'रिलीज सिलिंडर' लिहिलेलं असतं, गॅरेजात आम्ही 'खालचा' म्हणतो. पॅडलला जोडलेला मास्टर सिलिंडर वर असतो, म्हणून हा खालचा.

तो नेमकं करतो काय?

तुम्ही पॅडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधलं ऑइल पाइपातून खाली ढकललं जातं. ते खालच्या सिलिंडरच्या पिस्टनला रेटतं, पिस्टन रॉडला रेटतो, रॉड क्लच फोर्कला, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटं दाबून प्लेट मोकळी करतं. मग गिअर पडतो.

हे सगळं किती कमी ऑइलवर चालतं ते बघा. समजा वरच्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, 16 मिमी आहे आणि खालच्याचा 20 मिमी. वरचा पिस्टन 25 मिमी सरकला तर खालचा 16 मिमी सरकतो, आणि या अख्ख्या कामात हललेलं ऑइल भरतं जेमतेम 5 मिलि. म्हणजे चहाचा एक चमचा. त्यात 1 मिलि हवेचा बुडबुडा शिरला तर पॅडलचा पाचवा हिस्सा हवा दाबण्यातच जातो आणि खालचा रॉड 16 ऐवजी 13 मिमीच्या आत सरकतो. प्लेट पूर्ण सुटत नाही. गिअर करकर करतो, रिव्हर्स तर पडतच नाही. एवढ्याशा हवेने गाडी कशी अडते असं लोक विचारतात, त्याचं उत्तर या चमचाभर ऑइलमध्ये आहे.

पॅडल खाली बसलंय, वर येत नाही. खालचाच गेला असेल ना?

असू शकतो, पण अंदाजाने पार्ट आणू नका. आधी तीन जागा बघा.

पहिली जागा, बॉनेट उघडून ऑइलची डबी. पातळी खाली गेली असेल तर ऑइल कुठेतरी बाहेर पडतंय. दुसरी जागा, पॅडलच्या मागे डॅशबोर्डखाली. हात घालून वरच्या सिलिंडरच्या रॉडजवळ बोट फिरवा, पायाखालची चटई उचला. ओलं, गुळगुळीत, रंग सुटलेलं दिसलं तर वरचा गळतोय. तिसरी जागा, गाडीखाली बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाच्या) बाजूला दोन बोल्टांवर बसवलेला खालचा सिलिंडर. त्याच्या तोंडाला रबरी बूट असतो. बाहेरून सगळं कोरडं दिसलं तरी बुटाची कड बोटाने उचला. गळका सिलिंडर असेल तर आत साठलेलं काळं ऑइल बोटावरून मनगटापर्यंत येतं. तेच ऑइल आधी बुटात भरतं आणि मग हळूहळू खाली ठिबकतं, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस जमिनीवर डाग पडत नाही आणि माणूस फसतो.

ऑइल कुठेच गळत नाही, डबी भरलेली आहे, तरी पॅडल धरून ठेवलं की हळूहळू गिअर अडकायला लागतो. मग?

मग संशय वरच्यावर घ्या. खालच्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रबरामागे फक्त बूट असतो. तिथून ऑइल सुटलं तर ते बाहेरच येणार, दुसरीकडे जायला वाट नाही. वरच्या सिलिंडरचं तसं नाही. त्याच्या आतलं रबर झिजलं की दाबलेलं ऑइल रबरावरून मागे परत डबीकडे जातं, बाहेर थेंबही दिसत नाही.

खात्री करायची तर एकाला पॅडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही खालच्या रॉडकडे बघा. रॉड बाहेर येऊन तसाच थांबला पाहिजे. पाय न हलवता रॉड आपोआप मागे सरकत असेल आणि बूट कोरडा असेल, तर वरचा सिलिंडर गेलाय. रॉड सुरुवातीपासूनच कमी सरकत असेल तर एअर आहे, किंवा रबरी होज दाबाखाली फुगतोय. होज फुगतो तो हाताला कळतो. पॅडल दाबताना मुठीत धरून बघा.

मेकॅनिक म्हणतो क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मानायचं का?

आधी त्याला विचारा, क्लच स्लिप होतोय की सुटत नाहीये? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

प्लेट झिजली की गाडी स्लिप मारते. दिवे घाट चढताना इंजिन ओरडतं, काटा वर जातो, गाडी मात्र ओढत नाही आणि जळका वास येतो. अशा वेळी गिअर सहसा व्यवस्थित पडतात. याउलट गिअर पडताना त्रास होतोय, उभ्या गाडीत पहिला टाकताना गाडी पुढे झेप घेते, दोन-तीनदा पंपिंग केलं की गिअर पडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये आणि सुरुवात ऑइलच्या बाजूने करायची. फोर्क वाकणं, प्रेशर प्लेटचं बोट तुटणं, प्लेट शाफ्टवर अडकणं अशीही कारणं असतात, नाही असं नाही. पण पंपिंग केल्यावर फरक पडतोय याचा अर्थ दोष बहुधा ऑइलमध्येच आहे. प्लेट पंपिंगने बरी होत नाही.

हे इतक्या कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. एक शेतकरी पिकअप घेऊन आला होता. त्याने दुसरीकडे प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा अख्खा संच टाकून घेतला होता आणि दुसऱ्याच दिवशी गिअर पुन्हा अडकायला लागला. मी गाडीखाली गेलो, बुटाची कड उचलली आणि काळं ऑइल कोपरापर्यंत ओघळलं. दोन बोल्ट आणि एक पाइप, एवढंच काम होतं. त्याचे तीन दिवस गेले, वाटाणा दुसऱ्याच्या गाडीने पाठवावा लागला आणि पूर्ण क्लचचा खर्च अंगावर पडला. गिअरबॉक्स उतरवताना तो बूट उचलून बघायला कुणाला अर्धा मिनिटही लागला नसता. याचा मला आजही राग येतो.

माझ्या गाडीत बाहेर असा सिलिंडर दिसतच नाही. पाइप थेट बेल हाउसिंगमध्ये शिरतोय.

तुमच्या गाडीत तो आतल्या प्रकारचा आहे, कॉन्सेंट्रिक. गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती गोल बसतो आणि बेअरिंग त्याच्याच तोंडावर असतं. बाहेर फक्त पाइपाचा जोड आणि ब्लीडिंगचं निपल (एअर काढायचा पोकळ स्क्रू) दिसतं. याला मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, पर्याय नाही. आणि एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट नीट तपासा. निम्म्याहून जास्त झिजलेली असतील तर त्याच वेळी बदला. पुन्हा तीच मजुरी भरण्यात शहाणपण नाही. गिअरबॉक्स परत पूर्ण बसेपर्यंत पॅडलला कुणी पाय लावायचा नाही. मोकळा सिलिंडर पुढे सुटून त्याचं सील नवं असतानाच फुटतं.

हा प्रकार गळतो तेव्हा बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडतात आणि इंजिनचं मागचं सील गेलंय असा समज होतो. ओळखायची सोपी रीत: वाटीत पाणी घ्या आणि तो थेंब त्यात टाका. क्लचमध्ये असतं ते ब्रेक ऑइलच, ते पाण्यात मिसळून जातं. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल वर तरंगतं, त्यावर रंगांची साय दिसते.

इथून पुढची उत्तरं बाहेरच्या सिलिंडरबद्दल आहेत.

किट टाकून भागेल का? पूर्ण सिलिंडर कशाला?

पूर्वी आम्ही सर्रास किट टाकायचो. दोन रबरं, एक बूट, झालं. आज मी शक्यतो पूर्ण सिलिंडर घ्यायला सांगतो. रबर उगाच झिजत नाही, बोअरला गंज किंवा ओरखडा असतो म्हणून झिजतं. त्याच बोअरमध्ये नवं रबर घातलं तर तेही तसंच कापलं जाणार. पिस्टन काढून बोअर पुसा आणि आतून नख फिरवा. नख कुठेही अडकलं तर किटचा विचार सोडा. आरशासारखा गुळगुळीत असेल आणि अडचणीची वेळ असेल तर किट चालतं. तेव्हाही रबर ब्रेक ऑइल लावूनच बसवायचं. ग्रीस किंवा डिझेलचा हात नको.

पार्ट कुठून घ्यावा?

कंपनीच्या काउंटरवर चेसिस नंबर सांगून घेतला तर चुकायची शक्यता कमी. नाहीतर पुण्यातला स्पेअर पार्टचा बाजार, नाना पेठ, आहेच. तिथे जाताना जुना सिलिंडर पिशवीत घालून न्या. त्याच गाडीच्या दोन मॉडेलमध्ये बोअर वेगळा असू शकतो, आणि बाहेरून दोन्ही भावंडं दिसतात. बोअरचं माप बहुतेक वेळा अंगावरच ओतीव असतं. ते जुळवा, मग रॉडची लांबी, पाइपाच्या भोकाची बाजू आणि आटे, बोल्टांचं अंतर. बोअर मोठा आला तर पॅडल हलकं लागतं पण रॉड कमी सरकतो, आणि नव्या सिलिंडरनेही गिअर अडकतो. सोबत तांब्याचे वॉशर, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणि पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर गळका निघालेला पार्ट परत कुणी घेत नाही.

खर्च किती येतो?

मॉडेलनुसार इतका फरक पडतो की एक आकडा सांगणं दिशाभूल होईल. गॅरेजवाल्याकडून पार्ट, ऑइल आणि मजुरी अशा तीन ओळी वेगळ्या लिहून घ्या. मजुरीच्या ओळीत गिअरबॉक्सचं नाव आलं तर का ते विचारा.

कोणती हत्यारं लागतात?

जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), चाकांना लावायला लाकडी ठोकळे. बोल्टांसाठी गाडीप्रमाणे 12, 13 किंवा 14 चा पाना, निपलला बहुतेकदा 8 किंवा 10 चा रिंग पाना. पाइपाच्या नटासाठी फ्लेअर पाना घ्याच. तो रिंगसारखा असतो पण एका बाजूला चीर असते, त्यामुळे पाइपावरून सरकवता येतो आणि नटाच्या पाच बाजू धरतो. साध्या तोंडी पान्याने नट गोल झाला की दहा मिनिटांचं काम दुपारभर चालतं. याशिवाय अर्धा मीटर पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, गंज सोडवायचा स्प्रे, भरपूर चिंध्या आणि पाण्याची बादली.

पाण्याची बादली कशाला?

ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटच्या कडेवर सांडलं तर लगेच पाणी ओता, नुसतं पुसू नका. डोळ्यात उडालं तर पाण्याने बराच वेळ धुवा आणि डॉक्टरकडे जा. गाडीखाली झोपून निपल सोडताना चेहरा बरोबर त्याच्या खाली असतो, म्हणून चष्मा लावा.

आता सांगा, बदलायचा कसा?

सपाट जागा बघा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, पुढून जॅकवर घेऊन घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही. आणखी एक गोष्ट जुने ड्रायव्हरही विसरतात: गाडी गिअरमध्ये आहे, हलणार नाही, या भरवशावर राहू नका. एअर काढताना पॅडल दाबलं जातं, क्लच सुटतो आणि गिअरची पकड त्याच क्षणी जाते. तेव्हा गाडीला फक्त हँडब्रेक आणि ठोकळे धरून असतात.

सायलेन्सर थंड होऊ द्या. सिलिंडरभोवतीची माती ब्रशने काढा, जोडांवर स्प्रे मारून थोडा वेळ जाऊ द्या. डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून घ्या, म्हणजे पाइप सोडल्यावर कमी सांडेल.

पाइपाचा नट आधी ढिला करा, सिलिंडर जागेवर घट्ट असतानाच. बोल्ट आधी काढले तर सिलिंडर हातात फिरतो, नटाला जोर लागत नाही आणि पाइप पिळवटतो. नट पाव फेरा सुटला की मग दोन बोल्ट काढा. काही गाड्यांत फोर्कला ओढणारी स्प्रिंग असते, ती कशी अडकवली आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सिलिंडर बाहेर आला की पाइप पूर्ण सोडा आणि त्याच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावा. उघड्या पाइपात खडा गेला तर नव्या सिलिंडरचं रबर तो आठवड्यात कापतो.

जागा मोकळी झाली की फोर्ककडे बघा. रॉड जिथे टेकतो ती वाटी झिजून आरपार व्हायला आली आहे का? फोर्क हाताने हलवा, खडखड आहे का? बेल हाउसिंगचं रबर फाटलंय का? हे बघायला आज फुकटची संधी आहे. रॉडच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढं हाय टेंपरेचर ग्रीस लावा, त्यापेक्षा जास्त नको. ग्रीस सिलिंडरच्या रबराला लागता कामा नये.

नवा सिलिंडर बसवताना क्रम उलटा. आधी पाइपाचा नट बोटांनी आट्यात घ्या, सिलिंडर अजून हातात मोकळा असताना. तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी सहज गेले पाहिजेत. मग रॉड फोर्कच्या वाटीत बसवून दोन बोल्ट लावा, ते आवळा आणि शेवटी पाइपाचा नट आवळा. शिकत होतो तेव्हा मी हे उलट केलं. बोल्ट आवळून टाकले आणि पाइप तिरका धरून नट पान्याने फिरवला. आटे कापले गेले, नवाकोरा सिलिंडर वाया गेला, आणि बाहेर एका माणसाची टोमॅटोने भरलेली गाडी रात्रभर उभी राहिली. सकाळी नाना पेठ उघडेपर्यंत मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तेव्हापासून पाइपाचा नट बोटांनी गेल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.

पाइपाच्या नटाऐवजी भोक असलेला बँजो बोल्ट असेल तर दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर लावा. जुने दाबून चपटे झालेले असतात, ते झिरपतात. काही नव्या सिलिंडरच्या रॉडला पट्टी बांधलेली असते. ती ठेवायची की काढायची ते डब्यावरच्या सूचनेत असतं. काही पट्ट्या पहिल्यांदा पॅडल दाबल्यावर आपोआप तुटण्यासाठीच असतात.

एअर कशी काढायची?

दोन माणसं लागतात आणि दोघांमध्ये शब्द ठरलेले लागतात. आमच्याकडे तीन शब्द आहेत: 'दाब', 'धरलंय', 'सोड'.

डबी ताज्या ऑइलने भरा. निपलवर पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. गाडीखालचा माणूस म्हणतो 'दाब'. वर बसलेला माणूस पॅडल हळू दाबून तळाला नेतो, दाबूनच ठेवतो आणि म्हणतो 'धरलंय'. गाडीखालचा माणूस निपल अर्धा फेरा सोडतो, नळीतून बुडबुडे आणि ऑइल येतं, तो निपल बंद करतो आणि मगच म्हणतो 'सोड'. निपल उघडं असताना पॅडल सुटलं तर नळीतून सगळं परत आत ओढलं जातं. सुरुवातीला पॅडल आपोआप वर येत नाही, ते पायाच्या बोटाने किंवा हाताने वर घ्यावं लागतं.

दर पाच-सहा वेळा डबी बघा. ऑइल तळाला गेलं की वरच्या सिलिंडरने एअर घेतलीच आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नळीत आधी काळं ऑइल येईल, मग फेसाळ, मग बारीक बुडबुड्यांची रांग. स्वच्छ, अखंड ऑइल सलग आठ-दहा वेळा आलं की झालं. निपल आवळताना जोर करू नका, ते आतून पोकळ असतं आणि तुटलं की अर्धं आत राहतं.

अर्धी बाटली संपली तरी पॅडल स्पंजासारखंच लागतंय.

पंपिंग करत बसू नका. बुडबुडा कुठेतरी वरच्या वळणात अडकलाय. सिलिंडरचे दोन बोल्ट काढा, पाइप तसाच राहू द्या. निपल बंद ठेवा. सिलिंडर असा धरा की पाइपाचं तोंड वरच्या बाजूला येईल, आणि अंगठ्याने रॉड सावकाश पूर्ण आत दाबा. वरून दुसऱ्याला डबीकडे बघायला सांगा, बुडबुडे तिथे फुटताना दिसतील. रॉड सावकाश बाहेर येऊ द्या, पुन्हा दाबा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करा. रॉडवरचा अंगठा मात्र काढू नका आणि या वेळात पॅडलला कुणी पाय लावायचा नाही, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो.

तरीही एअर सुटली नाही तर खालून वर ऑइल चढवा. मोठ्या सिरिंजला नळी लावून ती निपलवर घट्ट बसवा आणि निपल उघडून हळूहळू ऑइल ढकला. हवेला वर जायचंच असतं, आपण तिला त्याच वाटेने पाठवतो. ही रीत मला सगळ्यात भरवशाची वाटते. फक्त डबी आधी अर्धी रिकामी करून ठेवा, नाहीतर वरून उतू जाऊन रंगावर सांडेल.

एकट्याने जमेल का?

जमतं, वेळ लागतो. डबी भरा, झाकण ढिलं ठेवा, निपल उघडून नळी बाटलीत सोडा आणि ऑइल आपल्या वजनाने थेंब थेंब उतरू द्या. मधून मधून डबी भरत राहा. पण गाडीखाली एकटं असताना घरात कुणाला तरी सांगून जा.

ऑइल कोणतं टाकायचं?

डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच. साधारणपणे डॉट 3 किंवा डॉट 4 असतं. कोरडं, नवं असताना डॉट 3 कमीत कमी 205 अंशाला उकळतं आणि डॉट 4 230 अंशाला. पाणी शोषलेलं असेल तर हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. पुण्यातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात अर्धवट उघडी बाटली शेल्फवर पडलेली असेल तर ती वापरू नका, कितीही भरलेली असली तरी. डॉट 5 नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळंच असतं, ते यात मिसळायचं नाही.

आणि इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, हायड्रॉलिक ऑइल यांतला थेंबही नको. एका गाडीत घाईघाईत हाताला लागलं ते ऑइल ओतलं गेलं होतं. आम्ही वरचा सिलिंडर उघडला तेव्हा रबरं फुगून वांग्याच्या देठासारखी मऊ, बेढब झाली होती. वरचा, खालचा, होज सगळं बदलावं लागलं. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते. तिथे असं काही पडलं तर गाडी एक फूटही चालवायची नाही, ब्रेकचीही रबरं त्याच ऑइलमध्ये आहेत. क्लच गळून डबी रिकामी होत असेल तरी अशा गाडीत ब्रेककडे लगेच लक्ष द्या.

रस्त्यातच क्लच गेला तर गाडी घरापर्यंत आणू का?

घाटात, नवले पुलाच्या उतारावर, भरलेल्या गाडीने: नाही. बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, चाकाला दगड लावा आणि मदत बोलवा. मालाचं नुकसान भरून निघतं. सपाट रस्त्यावर असाल आणि डबी रिकामी असेल तर योग्य ब्रेक ऑइल भरून, पंपिंग करून पॅडल थोडं धरतं का बघा. तेवढ्यावर जवळच्या गॅरेजपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हळू जाता येतं. गाडी चालू करताना गिअर न्यूट्रल आहे याची हाताने खात्री करा. पॅडल दाबलंय म्हणून गिअरमध्येच स्टार्टर मारला तर क्लच सुटलेला नसतो आणि गाडी झेप घेते. समोर कुणी उभं असेल तर काय होईल ते सांगायला नको.

नवा सिलिंडर टाकला, एअरही काढली, तरी रिव्हर्स करकरतो.

रॉड मोजा. पट्टी लावून, पॅडल न दाबता आणि पूर्ण दाबून. कंपनीच्या पुस्तकातल्या मापाइतका सरकत असेल तर ऑइलची बाजू ठीक आहे, आता दोष आत आहे: फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट. आता गिअरबॉक्स उतरवायला माझी हरकत नाही. कमी सरकत असेल तर होज, वरचा सिलिंडर, पॅडलच्या रॉडची सेटिंग आणि पॅडलखाली दुमडलेली चटई बघा. चटईमुळे पॅडल तळाला न गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

ऑइल किती दिवसांनी बदलावं?

दोन वर्षांनी, गाडीच्या पुस्तकात त्याआधी सांगितलं असेल तर त्याप्रमाणे. चिखलाच्या वाटेने शेतात जाणाऱ्या गाडीचा रबरी बूट पावसाळ्याआधी आणि नंतर बघा. फाटलेल्या बुटातून पाणी आणि माती बोअरमध्ये जाते, तिथे गंज धरतो आणि तोच गंज रबर कापतो.

काढलेलं जुनं ऑइल ओढ्यात टाकलं तर चालतं का?

नाही. बंद बाटलीत साठवा आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल न्यायला येणाऱ्याला विचारून वेगळं द्या.

जुना सिलिंडर भंगारात टाकू का?

नव्यावर आठवडाभर भरलेली गाडी चालवून बघा, रोज सकाळी बुटाची कड उचलून कोरडी आहे का पाहा, मग टाका. त्याआधी एकदा पिस्टन काढून, बोअर पुसून उजेडात धरा. रबर जिथे थांबायचं तिथे एक बारीक कडा दिसेल, तिच्यापुढे गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाच्या हातात मी पहिल्या दिवशी असाच एक कापलेला सिलिंडर देतो आणि त्याला आतून नख फिरवायला लावतो.